63 एकरांतले अडीच एकर: न झालेल्या मंदिराचं आणि ते सांगणाऱ्या संदेष्ट्याचं काय करायचं?

लीहायकर (धागाकर्ता)

यूटात येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. गावाचं नाव लीहाय, तेही मॉर्मन ग्रंथातल्या एका संदेष्ट्याचं. गल्लीत सतरा घरं, त्यातली तेरा मॉर्मन, म्हणजे जोसेफ स्मिथ या संदेष्ट्यानं अमेरिकेत काढलेल्या ख्रिस्ती पंथाची. रविवारी सकाळी सगळी गल्ली टाय लावून, पोरांचे भांग पाडून प्रार्थनेला निघते आणि मी बनियनवर चहाचा कप घेऊन दारात उभा. चहा त्यांना वर्ज्य, कॉफीही. तरी इतके चांगले शेजारी मला पुण्याच्या सोसायटीत मिळाले नव्हते. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं कुणी टिंगल म्हणून वाचणार नाही.

गेल्या ऑक्टोबरात मित्राकडं कॅन्सस सिटीला गेलो होतो. तिथून इंडिपेन्डन्स, मिझुरी अगदी जवळ. आमचे शेजारी, सत्तरीचे आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, निघताना म्हणाले होते की टेंपल लॉट, म्हणजे मंदिरासाठी ठरलेली जागा, बघून ये. बघितला. बघण्यासारखं काही नाही. कापलेलं गवत आणि एक साधं पांढरं चर्च. जवळच मात्र शंखासारखं पीळ घेत आभाळात गेलेलं स्टीलचं शिखर. ते 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट'चं मंदिर, 1994 साली अर्पण केलेलं. हे मॉर्मनांचे चुलते, स्मिथनंतर वेगळे निघालेले. गवत मात्र तिसऱ्याच एका चिमुकल्या पंथाच्या मालकीचं. आणि सॉल्ट लेक सिटीवाले, ज्यांचे जगभर 1 कोटी 70 लाखांवर सभासद, त्यांचं तिथंच जवळ नुसतं माहिती केंद्र. या गवतावरून चुलत्यांनी 1890च्या दशकात कोर्टकज्जेही करून झाले. सातबारा बघतोय असं वाटलं.

आता मुद्दा. 3 ऑगस्ट 1831 ला जोसेफ स्मिथनं ही जागा मंदिरासाठी अर्पण केली. त्याच डिसेंबरात बिशप एडवर्ड पार्ट्रिजनं भोवतालची 63 एकर विकत घेतली. त्यातले हे अडीचेक एकर. 22-23 सप्टेंबर 1832 ला कर्टलंड, ओहायो इथं स्मिथला प्रकटीकरण (देवाकडून आलेला संदेश) झालं, ते 'डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स' या त्यांच्या धर्मग्रंथात कलम 84 म्हणून आहे. मथितार्थ असा की मंदिर याच पिढीत उभं राहील, ही पिढी सगळी सरण्याआधी परमेश्वराचं घर बांधलं जाईल आणि त्यावर मेघ उतरेल. नोव्हेंबर 1833 मध्ये स्थानिकांनी मॉर्मनांना जॅक्सन काउंटीतून हुसकून लावलं. मंदिर झालं नाही. 1832 चं तान्हं बाळही जाऊन आता जमाना झाला.

एवढ्यावरून स्मिथ खोटा संदेष्टा ठरतो का? माझं म्हणणं: भाकीत चुकलं, सरळ चुकलं. पण 'चुकलं'पासून 'खोटा'पर्यंतचा रस्ता मला सापडत नाहीये.

---

तर्कट
*रस्ता कसला, दोन पावलं*

देवाच्या नावानं मुदत दिली, मुदत टळली, विषय संपला. उगाच काथ्याकूट. आणि हे एकच नाही. 1836 मध्ये कर्टलंडचं मंदिर बांधून हा माणूस कर्जात बुडाला. एकानं कानात सांगितलं, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला एका घराच्या तळघरात पैसा पुरलाय. निघाली स्वारी. 6 ऑगस्टला तिथंच प्रकटीकरण: या शहरात तुमच्यासाठी पुष्कळ धन आहे, इथलं सोनंनाणं तुमचं होईल (कलम 111). सोनं सापडलं नाही. हात हलवत परत. वर्षभरात स्वतःची बँकही बुडाली.

पुढं 1841 मध्ये त्यांचा एक प्रचारक सेलमला गेला, शंभरावर माणसं चर्चमध्ये आली. मग काय, "हेच ते धन!" बाण मारायचा, आणि जिथं लागेल तिथं भोवती वर्तुळ काढायचं.

---

नगरी शमुवेल
*कसोटी लिहून ठेवलेली आहे*

आम्ही नगर जिल्ह्यातले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आजोबा गावोगाव वचन सांगत फिरायचे. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 18:22 त्यांना तोंडपाठ होतं: संदेष्टा परमेश्वराच्या नावानं बोलला आणि ते घडलं नाही, तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे, तो उद्दामपणे बोलला, त्याला भिऊ नका. यात सवलत नाही, टक्केवारी नाही. स्मिथ स्वतः बायबल मानायचा, तेव्हा बायबलचं माप त्याला लागणारच. भाकीत चुकलं, कसोटी लागली. लीहायकर, तुम्ही रस्ता शोधताय तो हा.

---

मंजिरी_ब
*शमुवेलदादा, जरा सांभाळून*

रागावू नका, पण 'ही पिढी सरणार नाही' हे शब्द कुठं वाचलेत? मत्तय 24:34. तिथं येशू सूर्य-चंद्र अंधारणं, मनुष्याच्या पुत्राचं मेघांवरून येणं हे सगळं सांगतो आणि वर म्हणतो की हे सर्व होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. स्मिथच्या कलम 84 मध्ये पिढीही तीच आणि मेघही तोच. बायबलची भाषा त्याच्या जिभेवर बसलेली होती.

मग दोन हजार वर्षं झाली त्या पिढीचं काय? तुमचे धर्मपंडित सांगतात, पिढी म्हणजे यहुदी वंश, किंवा शेवटच्या काळातली पिढी, किंवा ते यरुशलेमच्या विनाशाबद्दल होतं. बरोबर असेलही. पण 'पिढी'चा अर्थ ताणायची मुभा मत्तयाला आणि स्मिथला नाही, हे कसं चालेल?

---

अवांतरकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (आणि चहा. लीहायकरांचे शेजारी माफ करोत.)

---

नगरी शमुवेल
*@मंजिरी_ब*

रागावलो नाही. आमच्या सेमिनरीत याच वचनावर दोन तास भांडण झालं होतं. मत्तयात ती भाषा सगळ्या जगाच्या अंताची आहे, तिथं अर्थ लावायला जागा आहे. स्मिथच्या भाकितात गाव आहे, जागा आहे, सर्व्हे करून पुरलेले दगड आहेत. इतकं नेमकं बोलल्यावर पळवाट कशी काढणार? एवढं मात्र कबूल करतो की मी जितक्या झटकन काठी उचलली तितक्या झटकन उचलायला नको होती. बायबलातला योनाही आठवला. चाळीस दिवसांत निनवे पालथं होईल, असं त्यानं ठणकावून सांगितलं. त्याच्या तोंडी कुठलीही अट नव्हती. लोकांनी पश्चात्ताप केला, शहर वाचलं. योना चिडला, पण त्याला कुणी खोटा संदेष्टा म्हटलं नाही.

---

बंगळूरचा पाहुणा
*घरातला माणूस बोलतोय*

मी या चर्चचा सभासद. मूळचा बेळगावचा, आता बंगळूरला. (2018 मध्ये आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी सांगितलं की मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. इथं 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' दर वेळी टंकायला लागलो तर तुम्हीच मला हाकलाल, म्हणून आज चालवून घेतो.)

आमची बाजू अशी. 19 जानेवारी 1841 चं प्रकटीकरण, कलम 124. देव म्हणतो, मी माणसांना काम सांगितलं, त्यांनी सर्व शक्ती लावली आणि शत्रूंनी येऊन अडवलं, तर ते काम मी त्यांच्याकडून पुन्हा मागत नाही, त्यांचं अर्पण मी स्वीकारतो. आणि तिथं जॅक्सन काउंटीचं नाव घेऊन सांगितलंय. म्हणजे कलम 84 हे आमच्या लेखी आज्ञा होती. माणसं बंदुका घेऊन आली आणि आज्ञा पाळता आली नाही. शमुवेलजींनी योना काढलाच आहे, यिर्मया 18 पण वाचा. राष्ट्राबद्दल देव जे बोलतो ते लोकांच्या वागण्यावर बदलतो, असं तिथं स्पष्ट आहे.

---

तर्कट
*सोयीची दुरुस्ती*

1832 ला 'होईल', 1833 ला हाकललं, 1841 ला 'राहू द्या'. याला आमच्या ऑफिसात डेडलाइन उलटल्यावर स्कोप बदलणं म्हणतात.

आणि 'आज्ञा होती' हे तुम्ही आज म्हणता. त्या वेळच्यांना विचारा. ऑर्सन प्रॅट, बारा प्रेषितांपैकी एक, 1870 मध्ये सॉल्ट लेकमध्ये जाहीर भाषणात म्हणाला की 1832 मध्ये हयात असलेल्या पिढीतच हे वचन पुरं होईल, उद्या सूर्य उगवेल याची जितकी खात्री तितकी याची. का? तर देव खोटं बोलू शकत नाही म्हणून. 1841 चं तुमचं कलम त्याला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तरी त्यानं सरळ अर्थ घेतला. 'पिढी' लांबायला लागली ती पिढी संपत आल्यावर.

---

लीहायकर

प्रॅटचं मला माहीत नव्हतं. हे जड आहे. पाहुणे, यावर काय?

---

बंगळूरचा पाहुणा

प्रॅट चुकला. प्रेषित चुकू शकतात. जोसेफनं स्वतः फेब्रुवारी 1843 मध्ये म्हटलंय की संदेष्टा हा संदेष्टा म्हणून बोलत असतो तेव्हाच संदेष्टा.

तर्कटराव, तुम्ही म्हणता अट मागाहून चिकटवली. कलम 58 काढा. तारीख 1 ऑगस्ट 1831, म्हणजे टेंपल लॉट अर्पण व्हायच्या दोन दिवस आधी, त्याच मिझुरीत. तिथं देव म्हणतो: मी आज्ञा देतो आणि माणसं पाळत नाहीत, मी मागे घेतो आणि त्यांना आशीर्वाद मिळत नाही, मग ती मनात म्हणतात, हे परमेश्वराचं काम नव्हे, कारण त्याची वचनं पुरी होत नाहीत. आणि अशांचं बक्षीस खाली आहे, वरून नाही.

---

मंजिरी_ब
*हे कलम दोन्हीकडून कापतं*

पाहुणे, छान पुरावा दिलात, पण त्याचं दुसरं टोकही बघा. अट मागाहून चिकटवली नाही, हे सिद्ध झालं. पण पहिली कुदळ पडायच्या आधीच 'झालं नाही तर दोष तुमचा' असं लिहून ठेवलेलं असेल, तर मग कुठलं भाकीत कधी चुकू शकेल? आणि जे चुकूच शकत नाही ते खरं ठरलं म्हणून टाळ्या कशाला?

याहून मला कॅनडाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. 1830 ची सुरुवात. मॉर्मन ग्रंथाच्या 5000 प्रती छापायच्या, पैसा नाही. मार्टिन हॅरिसनं त्यासाठी शेत गहाण टाकलेलं. अशात प्रकटीकरण होतं की माणसं किंग्स्टनला, अप्पर कॅनडात पाठवा आणि ग्रंथाचा हक्क विका. ऑलिव्हर काउडरी, हायरम पेज वगैरे मंडळी गेली. गिऱ्हाईक मिळालं नाही. परत आल्यावर विचारलं, असं कसं झालं? डेव्हिड व्हिटमर हा ग्रंथाच्या तीन साक्षीदारांपैकी एक, पुढं चर्चमधून बाहेर पडलेला. त्यानं 1887 मध्ये लिहून ठेवलंय की स्मिथनं देवाला विचारलं आणि उत्तर आलं: काही प्रकटीकरणं देवाकडून असतात, काही माणसाकडून आणि काही सैतानाकडून.

शंभरावर वर्षं हे व्हिटमरच्या शब्दावर होतं. चर्चचे समर्थक म्हणायचे, म्हाताऱ्याची आठवण, त्यात रागावलेला. मग 2009 मध्ये चर्चनंच जोसेफ स्मिथ पेपर्समध्ये जुनी हस्तलिखित वही छापली आणि त्यात ते प्रकटीकरण जसंच्या तसं! आणि त्यात अट आहे: लोकांनी आपली मनं कठोर केली नाहीत तर.

म्हणजे व्हिटमरला प्रकटीकरण झालं हे बरोबर आठवलं, त्यातली अट मात्र आठवली नाही. किंवा आठवावीशी वाटली नाही. मला ही वही दोन्ही पक्षांना थोडी थोडी चपराक वाटते. आणि ती छापणाऱ्यांना सलाम.

---

कुरकुरे आजोबा
*लागलेल्या बाणाचं काय?*

सगळे चुकलेलेच मोजताय. 25 डिसेंबर 1832, कलम 87. दक्षिण कॅरोलिनाच्या बंडापासून युद्ध सुरू होईल, दक्षिणेकडची राज्यं उत्तरेविरुद्ध उभी राहतील, ग्रेट ब्रिटनला हाक घालतील. 1861 ला अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं ते कुठं? फोर्ट समटर, दक्षिण कॅरोलिना. तोफा तिथंच धडाडल्या. दक्षिणेचे वकील ब्रिटनकडं मान्यतेसाठी खेटे घालत होते, हा इतिहास आहे. आणि हे नंतर रचलेलं नाही, 1851 ला लिव्हरपूलमध्ये छापून झालेलं. युद्धाच्या दहा वर्षं आधी.

---

तर्कट

आजोबा, छापील पुराव्याला मान आहे. पण 1832 च्या नोव्हेंबरात दक्षिण कॅरोलिनानं केंद्राचा जकात कायदा रद्दबातल ठरवला होता आणि 10 डिसेंबरला अध्यक्ष जॅक्सननं त्यांना तंबी दिली होती. वर्तमानपत्रं त्यानंच भरलेली. त्या नाताळात युद्धाचं भाकीत करायला संदेष्टा लागत नव्हता, पेपर लागत होता. शिवाय त्यात पुढं असंही आहे की मग युद्ध सर्व राष्ट्रांवर ओतलं जाईल. ब्रिटन तर बाजूलाच राहिलं.

---

कुरकुरे आजोबा

पेपर वाचून सगळ्यांना वाटलं की युद्ध त्याच वर्षी होणार. झालं नाही. त्यानंतरही यांनी ते फाडून टाकलं नाही, जपून ठेवलं. 1835 च्या ग्रंथात छापलं मात्र नाही. जपलं पण छापलं नाही, यातच मला माणूस दिसतो. असो. बीपीची गोळी घ्यायची वेळ झाली.

---

अवांतरकर
*भाकीत की अपॉइंटमेंट*

8 जुलै 1838, कलम 118. बारा प्रेषितांनी पुढच्या 26 एप्रिलला फार वेस्ट, मिझुरी इथल्या मंदिराच्या जागेवरून निरोप घेऊन परदेशी प्रचाराला निघावं. मध्येच ऑक्टोबरात गव्हर्नर बॉग्जचा हुकूम सुटला, मॉर्मनांना राज्यातून हाकला. तिथले विरोधक टपून बसले की एवढी एक तारीख चुकवलीच पाहिजे, म्हणजे स्मिथ खोटा. तर ब्रिगहॅम यंग आणि मंडळी 26 तारखेच्या मध्यरात्रीनंतर गुपचूप आली, अंधारात पायाचा दगड सरकवला, गाणी म्हटली आणि उजाडायच्या आत पसार.

भाकीत खरं करायला माणसं जीव धोक्यात घालून आली. याला खरं ठरलं म्हणायचं की खरं केलं म्हणायचं, हे ज्याचं त्यानं ठरवा. मी शिट्टी वाजवली.

उलट त्याच वर्षीचं कलम 114: डेव्हिड पॅटननं कामं आवरून पुढच्या वसंतात इतरांबरोबर प्रचाराला निघावं. 25 ऑक्टोबरला क्रूकेड रिव्हरच्या चकमकीत गोळी लागून पॅटन गेला. समर्थक म्हणतात, तो पलीकडच्या जगात प्रचाराला गेला.

---

मंजिरी_ब

पॅटनचं वाचून गलबललं.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण या चर्चमध्ये वाढली आणि तिशीत बाहेर पडली. तिला मी हेच विचारलं होतं, कुठलं भाकीत खटकलं? ती हसली. म्हणाली, भाकितं आम्हाला लहानपणापासून माहीत असतात, उत्तरांसकट. 2014 मध्ये चर्चनंच आपल्या संकेतस्थळावर स्मिथच्या अनेक लग्नांबद्दल लेख टाकला, त्यात पंधरा पूर्ण व्हायला काही महिने बाकी असलेली एक मुलगी होती. ते वाचलं त्या रात्री ती झोपली नाही. मंदिर झालं की नाही, याचा तिनं कधी विचारही केला नव्हता.

---

बंगळूरचा पाहुणा

यावर मी वाद घालणार नाही. मलाही तो लेख जड गेला.

माझ्यापुरतं सांगतो. कलम 84 आमच्या बंगळूरच्या वर्गात शिकवताना एका पोरानं हात वर करून विचारलं, सर, मग ते झालं का? मी कलम 124 सांगितलं. तो म्हणाला, पण आधी 'होईल' असं का म्हटलं? माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. मी याला भाकीत चुकलं म्हणायला तयार नाही, पण 'बरोबर ठरलं' असंही आता म्हणत नाही. 2018 ला इथल्या मंदिराची घोषणा झाली तेव्हा माझी आई विचारत होती, कधी होणार? म्हटलं, आई, तारीख मी सांगणार नाही.

---

लीहायकर

पाहुणे, शेवटच्या वाक्याला दंडवत.

तारखेवरून आठवलं, मला सगळ्यात माणसासारखा वाटलेला स्मिथ कलम 130 मध्ये आहे. 2 एप्रिल 1843. तो सांगतो, मी एकदा येशू कधी येणार हे कळावं म्हणून फार कळकळून प्रार्थना करत होतो. आवाज आला: जोसेफ, बेटा, पंच्याऐंशी वर्षांचा होईपर्यंत जगलास तर मनुष्याच्या पुत्राचं मुख बघशील, एवढ्यावर समाधान मान आणि यावरून मला आणखी त्रास देऊ नकोस. यावर स्मिथ म्हणतो की याचा अर्थ मला लागला नाही. हे सहस्रकाच्या आरंभाबद्दल आहे, की आधीच्या एखाद्या दर्शनाबद्दल, की मी मरून त्याचं मुख बघीन, कळत नाही. हे तो स्वतः भर सभेत बोलला आणि ते ग्रंथात तसंच राहिलं.

हिशेबानं 1890 चा डिसेंबर. तो 27 जून 1844 ला कार्थेजच्या तुरुंगात जमावाच्या गोळ्यांनी गेला, अडतिसाव्या वर्षी. त्याच साली 22 ऑक्टोबरला मिलरवाल्यांचा (विल्यम मिलर या अमेरिकन प्रचारकाच्या अनुयायांचा) येशू यायचा होता, तो आला नाही आणि ती माणसं रात्रभर वाट बघून सकाळी रडली. मिलरनं 'माझा हिशेब चुकला' म्हटलं. स्मिथनं ती वेळ यायच्या आतच 'मला अर्थ कळत नाही' म्हटलं. थापाड्याला हे वाक्य सुचणार नाही असं माझं मन म्हणतं. तर्कट म्हणतील, मुरलेल्यालाच सुचेल.

शमुवेल, तुमच्या 'उद्दामपणे' या शब्दावर मी अडकलोय. कलम 84 मध्ये तो उद्दाम आहे, कलम 130 मध्ये नाही. माणूस एकच. म्हणून कलम 84 मी चुकलेलं भाकीत म्हणून मोजतो, प्रॅटचं ऐकून आणखी घट्ट मोजतो, आणि संदेष्ट्याचा निकाल त्यावर लावत नाही.

---

तर्कट

म्हणेनच. मुरलेल्यालाच सुचेल. आणि निकाल लावायचाच नसेल तर धागा काढलात कशाला? पण लीहायकर, काकांनी काय सांगितलं ते लिहा की. ते राहिलंच.

---

लीहायकर

परत आल्यावर काकांना म्हटलं, नुसतं गवत आहे हो. ते म्हणाले, माझे आजोबा इथल्या बाजारातून सामान आणताना म्हणायचे की मिझुरीला परत जायचंय, जड फर्निचर घेऊ नका. मी विचारलं, मग तुम्ही? काकांच्या घरात हा एवढा मोठा पियानो आहे.

काही न बोलता मला तळघरात घेऊन गेले. भिंतभर फळ्या, त्यावर गव्हाचे, ओटचे, दुधाच्या पावडरीचे पत्र्याचे डबे. चर्चचा सल्ला असतो साठा ठेवायचा. प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख. जुने पुढं, नवे मागं. गहू म्हणे तीस वर्षं टिकतो. पुढचा एक डबा माझ्या हातात दिला, 2009 चा. म्हणाले, तुमच्या पोळ्या करून बघा, म्हणजे मला इथं नवा ठेवायला जागा होईल.

बायकोनं मिक्सरवर दळला. पोळ्या जरा वातड झाल्या, पण शिऱ्याला चांगला निघाला. वाटीभर त्यांच्याकडं दिला. आता काकू विचारतायत, रवा कुठं मिळतो.